कंबरदुखीत फिजिओचा फायदा कुणाला होईल?

हे बघ, सांगलीत ओपीडी सुरू केलीस की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एमआरआयची फाईल टेबलावर ठेवून विचारणार, व्यायामानं बरं वाटेल का. फाईल बघ, पण उत्तर तिच्यात शोधू नकोस, कारण फुगलेली डिस्क कंबर अजिबात न दुखणाऱ्यांतही भरपूर सापडते. पेशंटला बोलतं कर. किती महिने दुखतंय, झोप लागते का, वाकायला भीती वाटते का आणि मुख्य म्हणजे आपण बरे होऊ असं त्याला वाटतं का? इंग्लंडच्या कील विद्यापीठाची स्टार्ट बॅक नावाची ९ प्रश्नांची यादी आहे, त्यातले ५ भीती, काळजी, मनःस्थिती असले, तिथं ४ किंवा जास्त गुण आले की हाय रिस्क, म्हणजे दुखणं लांबण्याची शक्यता जास्त. म्हणून त्याला कटवायचं नाही हां, उलट त्यालाच जास्त वेळ द्यायचा! आणि एकेका पेशंटबाबत ही यादी चुकतेही, मी तरी दर दोनतीन आठवड्यांनी परत तपासते.

मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल घरी बसून आराम करणार कसा, त्याला हळूहळू वजन वाढवत उचलायलाच शिकव. फक्त लघवीवरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद कमी होत चालली तर व्यायाम बाजूला, त्याच दिवशी मिरजेला सर्जनकडे पाठव.