बोंडं मोजायच्या आधी दिवस मोज

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. कापसाच्या लांब धाग्याचा जीन नेमका कुठला, असं विचारलंयस. मीही सुरुवातीला हेच शोधत होतो, म्हणून सांगतो, असा एकटा जीन नाहीये, त्याच्या मागे वर्षं घालवू नकोस.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी. कोवळ्या बीजाच्या सालीवरची पेशी, फूल उमलतं त्याच सुमारास फुगून वर येते आणि एकदाही न विभागता तीनेक आठवड्यांत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते! सालीवरच्या साधारण चारातल्या एकाच पेशीच्या वाट्याला हे येतं. ही निवड मुख्यतः एमवायबी घराण्यातले जीन करतात, ते स्वतः काही बांधत नाहीत, दुसऱ्या जीनना चालू-बंद करतात. त्यातला जीएचएमवायबी२५-लाइक दाबून टाकला तर सरकी अगदी गुळगुळीत येते, धागाच नाही.

मग लांबीचा टप्पा, आणि माझा जीव खरा इथेच अडकलाय. पेशीच्या आत साखर, पोटॅशियम साठतं, पाणी ओढलं जातं, दाब वाढतो, आणि त्याच वेळी एक्स्पान्सिन नावाचं प्रथिन पेशीची भिंत सैल करतं म्हणून ती ताणली जाते. शेजारच्या पेशींकडे जाणाऱ्या बारीक वाटा काही दिवस बंद होतात म्हणजे दाब बाहेर निसटत नाही, आणि काही जातींची तुलना केली तेव्हा ज्यात या वाटा जास्त दिवस बंद होत्या तिचा धागा जास्त लांब निघाला. जिबरेलिन, इथिलीन ही हार्मोन्स आणि जीएचएचओएक्स३ सारखे जीन याच काळात कामाला असतात. म्हणजे बघ, जीन आहे की नाही यापेक्षा तो कधी चालू झाला आणि किती दिवस राहिला हे जास्त महत्त्वाचं.

फूल उमलल्यापासून साधारण सोळा ते वीस दिवसांनी सेल्युलोज बनवणारे सीईएसए जीन जोर धरतात, आतून थरावर थर चढतात आणि पिकलेल्या धाग्यात नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोजच असतं. वनस्पतींमधले हे जीन पहिल्यांदा १९९६ मध्ये कापसाच्या धाग्यातच सापडले. रात्री गार असल्या की हे काम मंदावतं, जीन तेच असले तरी, त्यामुळे तुलना करायच्या सगळ्या जाती एकाच वेळी, एकाच शेतात लाव.

आपला नेहमीचा अमेरिकन कापूस दोन पूर्वजांच्या संकरातून आलाय, म्हणून बहुतेक जीनच्या दोन प्रती, ए आणि डी. डी पूर्वजाला कातण्याजोगा धागा नव्हता तरी धाग्याच्या गुणांशी जोडलेल्या डीएनएवरच्या बऱ्याच जागा डी बाजूला सापडल्यात, तेव्हा प्रायमर, म्हणजे जीन शोधायला वापरतो तो डीएनएचा छोटा तुकडा, कुठल्या प्रतीला चिकटतोय ते आधी तपास.

माझा पहिला सगळा सीझन वाया गेला कारण बोंडं आकारावरून तोडली, दहा दिवसांचं आणि चौदा दिवसांचं एकाच नळीत गेलं आणि निकालाला काही अर्थच उरला नाही. तू उमललेल्या फुलाला त्याच सकाळी टॅग बांध, फूल पांढरट असतं तेव्हाच, गुलाबी झालं की ते कालचं. तारीख पेन्सिलने लिही, पेनची शाई पावसात जाते. पहिले टॅग बांधलेस की फोटो पाठव.

तुझा,
दादा