हसण्याची लाज वाटू देऊ नकोस

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मित्रमंडळीत खळखळून हसणं झालं आणि पुढच्याच क्षणी मनाला खाल्लं, ‘बाहेर एवढं सगळं चाललंय आणि आपण दात काय काढतोय’, हे तू लिहिलंस, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझ्या हसण्यानं कुणाचं दुःख वाढलेलं नाही. आणि तू झुरत बसल्यानं ज्यांच्यावर अन्याय होतोय त्यांना काडीचा आधार मिळत नाही. हळवी माणसं झुरण्यालाच काम समजू लागतात, याची मला तुझ्या बाबतीत खरी काळजी वाटते.

जर्मनीतली समाजवादी नेता रोझा लक्झेंबुर्ग, तिची तुरुंगातली पत्रं जमलं तर वाच. युद्धाला विरोध केला म्हणून पहिल्या महायुद्धाचा बराच काळ ती कैदेत होती. त्या पत्रांत राजकारण आहेच, पण पक्षी, ढग, फुलंही आहेत. झाडांची पानंफुलं वाळवून वहीत चिकटवायचा नाद तिनं तिथंही सोडला नाही. जानेवारी १९१९मध्ये तिचा खून झाला. फुलांनी तिला वाचवलं नाही, आणि आनंदी राहिलं की सगळं ठीक होतं असं मी तुला कधीच सांगणार नाही. पण तिला कोंडणाऱ्यांना तिचं कुतूहल मात्र काढून घेता आलं नाही.

नेल्सन मंडेला १९८२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या पोल्समूर तुरुंगात आले. तिथं गच्चीवर, अर्ध्या कापलेल्या तेलाच्या पिंपांत माती भरून त्यांनी भाजीचा मळा केला. ती भाजी कैद्यांच्या स्वयंपाकघरात जायची, पहारेकऱ्यांनाही मिळायची. सुटका १९९०मध्ये झाली, पण बी पेरताना ती तारीख त्यांना ठाऊक नव्हती. गोऱ्यांची वर्णद्वेषी राजवट कधी बदलेल ते त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. रोपांना पाणी घालणं होतं. मी आशा म्हणतो ती एवढीच, आणि ती मला पुरते.

बातम्या दिवसातून एकदाच बघ, उठल्या उठल्या तर नकोच. तीच बातमी चार वेळा पाहून माहिती वाढत नाही, धडधड वाढते. आणि हाताच्या अंतरावरचं एखादं काम धर: कुणाला शिकवणं, मतदार यादीत नाव घालायला मदत करणं, काहीही. मात्र ते चार जणांबरोबर कर. एकट्यानं केलेलं चांगलं कामसुद्धा अशा दिवसांत लवकर थकवतं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. आनंदाला कामाला जुंपू नकोस. ‘लढायला ताकद यावी म्हणून थोडं हसून घेतो’ असा हिशेब मांडलास की हसणंही कर्तव्य होऊन बसतं. काही गोष्टी नुसत्या आवडतात म्हणून कराव्यात. शेजारच्याच्या रडण्याकडे पाठ फिरवावी लागेल अशा सुखापासून तेवढं लांब राहा. बाकी कशाचाही खुलासा कुणाला देऊ नकोस, स्वतःलाही नाही.

गाण्याचा क्लास मध्येच सोडल्याचं लिहिलंस. तो या आठवड्यात परत सुरू कर. मोर्चाला जायचं म्हणून तास बुडाला तर मी काही म्हणणार नाही. फोनवर बातम्या बघत बसल्यामुळे बुडाला, तर मात्र रागावेन.

तुझा,
काका