राज्याने कायदा करून पोलिसांच्या प्रशिक्षणाच्या अटी बदलल्या तर खरंच फरक पडेल का? आणि राज्याला तो अधिकार आहे का?

अधिकार आहे. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५ ने दलाची संख्या, भरती, सेवाशर्ती हे सगळं राज्य सरकारच्या आदेशावर सोडलंय. आदेशाने दिलेलं आदेशाने काढूनही घेता येतं, म्हणून मी कायद्याच्याच बाजूचा आहे.

फरक पडेल का, हे मला माझ्यावरून सांगता येईल. मी शिपाई झालो तेव्हा नऊ महिने प्रशिक्षण होतं. पहाटेपासून मैदान, नंतर आंतरवर्ग, म्हणजे वर्गखोलीतले तास. कवायतीने पिळून निघालेली पोरं बाकावर टेकली की डोळे मिटायची. जप्ती पंचनाम्याचा नमुना फळ्यावरून वहीत उतरवून घेतला, परीक्षेत तो जसाच्या तसा लिहिला आणि पास झालो. नऊ महिन्यांत एकदाही कुणी हातात वस्तू देऊन ‘ही जप्त करून दाखव’ म्हटलं नाही.

पोलीस ठाण्यात हजर झाल्यावर चौथ्या महिन्यात खुनाचा गुन्हा घडला. अक्षर चांगलं म्हणून मला हवालदारांसोबत लेखनिक म्हणून नेलं. आरोपीने झोपडीमागून कोयता काढून दिला. हवालदार सांगत गेले, मी लिहीत गेलो. कोयता वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली, ठाण्यात आणून कपाटात ठेवला. पंचांच्या सह्यांचं लेबल नाही, लाखेचं सील नाही. प्रयोगशाळेत पाठवताना सील केलं, पण मधल्या दिवसांत तो कुणाच्या ताब्यात होता हे कागदावर कुठेच नव्हतं. कोर्टात बचावाच्या वकिलांनी मला तीनच प्रश्न विचारले. माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. साक्षीदार आधीच फिरले होते, कोयत्यावरच सगळं उभं होतं. आरोपी सुटला. मयताची आई व्हरांड्यात बसली होती. तिने मला विचारलं, “साहेब, काय झालं?” मी तिला काही सांगू शकलो नाही.

म्हणून कायद्यात महिने वाढवा एवढंच लिहून भागणार नाही. महिने वाढले की मैदान वाढतं. बनावट घटनास्थळावर पंचनामा, जप्ती, सील आणि शेवटी खोट्या कोर्टात उलटतपासणी, यात पास झाल्याशिवाय ठाण्यात नेमणूक नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. जो चुकतो त्याची चूक आता थेट कोर्टाच्या पडद्यावर दिसणार. दुसरं, उजळणी पाठ्यक्रमाचे दिवस कायद्यातच बांधून टाका. माझं नाव दोनदा लागलं आणि दोन्ही वेळा बंदोबस्तासाठी कापलं गेलं.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले. बदल्या, नेमणुका, तक्रार प्राधिकरण यांवर तेव्हापासून भरपूर बोललं गेलं. शिपायाच्या वर्गखोलीवर कोण बोलतं?

कवायत निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. दंगलीत दगड येत असताना आमची रांग टिकली ती कवायत शिकवणाऱ्या उस्तादांमुळेच. आणि मनुष्यबळ वाढवलं नाही तर कुठलाही कायदा माणसाला वर्गात बसवू शकणार नाही, हेही खरं. भारतीय पोलीस सेवेतल्या (आयपीएस) अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्राकडे असतं, ते राज्याच्या कायद्यात येत नाही.

माझा एक बॅचमेट आहे. तो आजही म्हणतो, “वर्गात काय शिकायचंय? ठाण्यात गेलं की सगळं येतं.” त्याला मी दर भेटीत एकच विचारतो: त्या हवालदारांची ठाण्यात बावीस वर्षं झाली होती, मग त्यांना लेबल लावायला का आलं नाही?