टोप, डेचकी, भगुनं की गंज?

प्रिय चिमणे,

काल फोनवर तू विचारलंस तेव्हा मी ऑफिसला निघाले होते, म्हणून आता मस्कतहून निवांत लिहिते. नागपूरच्या नव्या काकूने तुला "तो गंज घासून ठेव गं" म्हटलं आणि तू तव्यावर कुठे गंज चढलाय ते बघत बसलीस. आजी म्हणाली, "अगं, टोप म्हणतेय ती." मग तुझा प्रश्न : "आई, यातलं बरोबर मराठी कुठलं?"

दोन्ही बरोबर. त्याच भांड्याला पुण्याकडे पातेलं म्हणतात, सातारा-सांगलीकडे डेचकी, नगर-मराठवाड्यात भगुनं. आजी मूळची चिपळूणची, त्यात लग्नानंतर लालबागच्या चाळीत राहिलेली, म्हणून तिच्या तोंडी टोप.

भांड्यांची आणि भाज्यांची नावं घरात बहुतेक सुनांबरोबर येतात. आता काकूला बघ. ती कोथिंबिरीला सांभार म्हणेल, पेरूला जाम, बटाट्याला आलू, शेंगदाण्यांना फल्लीदाणे आणि उलथन्याला सराटा. वर्षभरात यातले निम्मे शब्द ती तुमच्यासमोर वापरायचं सोडून देईल आणि नागपूरला फोन लावला की परत बोलायला लागेल. मला ठाऊक आहे, कारण मी जळगावची. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी आजींना विचारलं, "डांगराची भाजी करू का?" त्यांच्याकडे डांगर म्हणजे पापडाच्या उडदाच्या पिठाचं, दही-कांदा घालून कालवलेलं. त्याची भाजी ही कशी करणार, म्हणून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आमच्याकडे डांगर म्हणजे साधा लाल भोपळा! आजही घरात भोपळाच म्हणतात. तिथे मी हरले. पण भाकरीबरोबर ठेचा मागताना तू जी खानदेशी हेल काढतेस ना, ती माझी कमाई.

तर काकूला हसू नकोस. निदान सांभार तरी तिच्यासाठी राहू दे. आणि ती "सांभारवडी केलीय" म्हणाली तर वाटी घेऊन इडली शोधत बसू नकोस. आत कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी असते ती, गरम असतानाच खायची.

आपल्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात हा गोंधळ जरा जास्तच आहे आणि मला तो आवडतो. तिथली मूळ गावं आगरी-कोळ्यांची. 1970 साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, मग नोड म्हणजे शहराचे आखलेले भाग पडले, पुढे मुंबईतले घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आले आणि त्यांच्यामागे माथाडी कामगार आले, त्यातले कितीतरी सातारकडचे. म्हणून आपल्या एका मजल्यावर टोपही आहे, डेचकीही आहे आणि आता गंजही आला. समोरच्या काकांच्या घरात केरसुणीला काय म्हणतात ते ऐकलंयस? साळुता. काकूकडे तोच फडा.

वयाची भानगड मात्र वेगळी. आजी बाथरूमला मोरी म्हणते त्याचं तुला हसू येतं. चाळीच्या खोलीत बाथरूम नव्हतंच गं. कोपऱ्यात गुडघाभर कठड्याची एक जागा, तिथेच अंघोळ, तिथेच भांडी, ती मोरी. आबा टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि रॉकेलला घासलेट. स्टोव्हच गेला, त्यामुळे घासलेट हा शब्द आबांबरोबरच संपेल असं दिसतं. शिसपेन्सिलही तशीच चालली. पण ओटा बघ कसा टिकला! गावाकडे घराबाहेर बसायचा असतो तो ओटा, आपल्याकडे ग्रॅनाइट लावून स्वयंपाकघरात आलाय आणि त्यावर गॅस आहे. तुझ्या पिढीतही त्याला कुणी दुसरं काही म्हणत नाही.

खालच्या मजल्यावरचे आजोबा "बकेट म्हणू नकोस, शुद्ध मराठीत बादली म्हण" असं तुला रागावले म्हणे. त्यांना उलट बोलू नकोस, पण तुला म्हणून सांगते, बादली हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय. चावी, पाव, बटाटा आणि घमेलंसुद्धा. ठाण्याला तलावपाळीकडे जाताना बाबा तुला मध्यवर्ती कारागृह दाखवतात ना, तो मुळात पोर्तुगीजांनी 1730 साली बांधायला घेतलेला किल्ला. 1737 मध्ये मराठ्यांनी तो जिंकला. पोर्तुगीज गेले आणि बादल्या आपल्याकडेच राहिल्या. आणखी तीन-चार पिढ्यांनी एखादे आजोबा नातीला "शुद्ध मराठीत बकेट म्हण" असं दटावतील, मला तरी खात्री आहे.

आता शाळेचं. निबंधात काय लिहायचं, असंही तू विचारलंस. घरचा प्रसंग लिहीत असशील तर बिनधास्त टोप लिही आणि काकूच्या तोंडी गंजच घाल, नाहीतर ती काकू वाटणारच नाही. बाईंनी लाल रेघ मारली तर एकदा नम्रपणे सांगून बघ. नाहीच ऐकलं तर परीक्षेपुरतं पातेलं लिही. गुण कशाला घालवायचे?

तुझी,
आई