वाचक विचारतात : अमेरिकेची लष्करी मदत अडते कुठे?

प्रश्न : अमेरिका इजिप्तला दरवर्षी 1.3 अब्ज डॉलरची लष्करी मदत देते म्हणतात. ही रक्कम तिकडच्या तिजोरीत जमा होते का? (पुणे)

उत्तर : नाही. या निधीचे नाव फॉरेन मिलिटरी फायनान्सिंग. त्यातून अमेरिकी शस्त्रे, सुटे भाग आणि प्रशिक्षण घेता येते, त्यामुळे पैसा बहुतांशी अमेरिकेतच फिरतो. इस्रायलला 3.3 अब्जांपैकी काही भाग स्वदेशी कारखान्यांत खर्चण्याची सवलत होती, तीही 2028पर्यंत संपत आणायची असे ठरले आहे.

प्रश्न : मग सुधारणा हवी म्हणतात ती कशात? दिरंगाई संपली की काम झाले, नाही का? (नाशिक)

उत्तर : दिरंगाई हे अर्धेच दुखणे. आधी तेच पाहू.

ही शस्त्रे बहुधा सरकार ते सरकार विक्रीतून, म्हणजे फॉरेन मिलिटरी सेल्समधून (एफएमएस), येतात. त्यात खरेदीदार देश प्रथम मागणीपत्र देतो. पहिली गफलत इथेच होते. 'टेहळणीसाठी हेलिकॉप्टर हवे' एवढेच लिहिले, रडार कोणते, किती तास उड्डाण, तळ कुठे हे लिहिले नाही, की पत्र खुलाशासाठी परत येते आणि महिने जातात. मग तंत्रज्ञान द्यायचे की नाही याचा निर्णय. मोठा व्यवहार असेल तर काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, औपचारिक सूचना : नाटो आणि मोजक्या मित्रदेशांसाठी 15 दिवस, बाकीच्यांसाठी 30. मोठा व्यवहार कोणता, याची मुख्य शस्त्रसामग्रीसाठीची मर्यादा 2025च्या सुरुवातीला पहिल्या गटाला 2.5 कोटी डॉलर, इतरांना 1.4 कोटी होती. त्यानंतर प्रस्ताव व स्वीकृतीपत्र, त्यावर सही, पहिला हप्ता, आणि मगच पेंटॅगॉन, म्हणजे अमेरिकी संरक्षण खाते, कंपनीशी करार करते. सही झाली म्हणजे कारखान्यात काम सुरू झाले असे नाही. तैवानला 66 एफ-16 विमाने विकायला 2019 मध्ये मंजुरी मिळाली, पण उत्पादनाची रांग कागदाने हलत नाही.

एप्रिल 2025 च्या अध्यक्षीय आदेशाचा रोख याच टप्प्यांवर आहे : मंजुऱ्या एकामागून एक न घेता समांतर घ्याव्यात, काँग्रेस-सूचनेच्या मर्यादा वाढवाव्यात, शस्त्राचा आराखडा करतानाच निर्यातीचा विचार करावा. शेवटचा मुद्दा सर्वांत कामाचा, कारण तयार यंत्रातून गोपनीय भाग नंतर काढणे महाग पडते आणि वेळही खाते.

आता उरलेले अर्धे. अफगाण हवाई दलासाठी 20 जी-222 मालवाहू विमाने घेतली, सारा खर्च 54.9 कोटी डॉलर. सुटे भाग मिळेनात, देखभाल जमेना. शेवटी त्यातली 16 काबूल विमानतळावर तोडून पौंडाला 6 सेंट या भावाने भंगारात काढली. पुढे रशियन बनावटीच्या एमआय-17 हेलिकॉप्टरांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे आणायचे ठरले. एमआय-17ची बहुतेक दुरुस्ती अफगाण मेकॅनिक स्वतः करत. ब्लॅक हॉकची जवळजवळ सगळी कंत्राटदारांच्या हाती होती, आणि 2021 मध्ये कंत्राटदार निघून गेले.

हे का घडते? कायद्याने देखरेख परराष्ट्र खात्याची, अंमलबजावणी पेंटॅगॉनची. शिवाय पेंटॅगॉनला अमेरिकी लष्करविषयक कायद्याच्या कलम 333 खाली स्वतःच्या निधीतूनही परदेशी सैन्याला शिकवता, सज्ज करता येते. त्यालाही परराष्ट्र खात्याची संमती लागतेच. पैसा मुदतीत गुंतवायचा असतो, म्हणून जे लवकर मिळेल ते निवडले जाते. 'किती पोचवले' याचा हिशेब चोख लागतो. दोन वर्षांनी त्यातले किती उडते, हे विचारणे कोणाच्याच टेबलावर नीट येत नाही. माझ्या मते खरी सुधारणा इथे हवी : मंजुरीच्या कागदातच मेकॅनिक किती, सुटे भाग किती महिन्यांचे, कंत्राटदार कधी बाहेर पडणार हे लिहिलेले असावे, आणि तपासणीला एकच खाते जबाबदार धरावे. नुसता वेग वाढवलात तर भंगारही लवकर पोचेल.

प्रश्न : गोव्यात नौदलाच्या हंसा तळावरची पी-8आय टेहळणी विमानेही याच वाटेने आली का? (फोंडा)

उत्तर : विमाने नाही. ती बोइंगकडून थेट व्यापारी करारावर घेतली. भाव भारताने ठरवला, कंपनीने निर्यात परवाना काढला. पण त्यांना लागणारे मार्क-54 पाणतीर आणि हार्पून क्षेपणास्त्रे एफएमएसने. कोचीची नौदलाची एमएच-60आर हेलिकॉप्टरेही एफएमएसचीच : 2020 चा करार, 24 नग. एफएमएसमध्ये प्रशासकीय आकार सध्या 3.2 टक्के लागतो. त्या बदल्यात करार, तपासणी आणि सुट्या भागांची साखळी अमेरिकी सरकार सांभाळते. थेट करारात घासाघीस जास्त करता येते, पण डोकेदुखीही आपलीच.

बातमी वाचताना एक लक्षात ठेवा. काँग्रेसला कळवलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, भाव नव्हे. 31 एमक्यू-9बी ड्रोनसाठी फेब्रुवारी 2024 मध्ये 3.99 अब्ज डॉलरची सूचना गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'सौदा झाला' असे मथळे दिले. करारावर सह्या झाल्या त्या ऑक्टोबरमध्ये.