युद्धकैदी आजोबांची भरपाई: दावा नेमका कोणावर करायचा?

लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या एका सदस्याने विचारले आहे की, १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या कैदेत छळ सोसलेल्या आपल्या आजोबांसाठी, अमेरिकी सैनिकांनी इराकवर केला तसा दावा पाकिस्तानवर करता येईल का. परभणीकडच्या माजी सैनिकांचे पेन्शनचे कागद मी बरीच वर्षे करून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, तो नाद सोडा आणि आधी आजोबांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक, शोधा.

इराकचे उदाहरण अर्धवटच सांगितले जाते. १९९१ च्या आखाती युद्धात छळ झालेल्या १७ अमेरिकी कैद्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना २००३ मध्ये अमेरिकेतल्याच न्यायालयाने ९५ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली; पण त्याविरुद्ध उभे राहिले ते त्यांचेच सरकार, आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. वाट निघाली ती २०१० मध्ये, दोन सरकारांमधल्या ४० कोटी डॉलरच्या समझोत्याने.

१९४९ चा तिसरा जिनिव्हा करार कैद्याच्या छळाला मनाई करतो आणि त्याच्या १३१ व्या कलमानुसार छळ करणाऱ्या राष्ट्राला जबाबदारी झटकता येत नाही. मात्र एकट्या सैनिकाने पैसे मागावेत अशी खिडकी त्यात नाही. आपल्याकडे परक्या राष्ट्रावर दिवाणी दावा लावायला केंद्राची संमती लागते, आणि १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय सरकारच्या तक्रारीवरूनच घेते.

म्हणून मागणे आपल्याच सरकारकडे. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या कैदेतून परतलेल्यांना ब्रिटनने २००० मध्ये स्वतःच्या तिजोरीतून दहा हजार पौंड देऊ केले, त्यातून आपल्या बाजूने लढलेल्या गुरखा सैनिकांना वगळले, आणि २००२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने ते वगळणे अतार्किक ठरवले.

आजोबांची बोटे मिटत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. ही दुखापत कैदेतली आहे, हे कागदावर दिसले पाहिजे. मी पाहिलेल्या नाईक हुद्द्याच्या एका सैनिकाच्या बुकात सुटकेनंतरच्या तपासणीपुढे पुसट शाईत ‘फिट’ एवढाच शब्द होता, आणि त्या एका शब्दावर बोट ठेवून एका कार्यालयाने त्यांची फाइल तीनदा परत केली. सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसकडून, कैदेतून परतल्यावरचे इस्पितळाचे कागद मागवल्यावर फाइल हलली.

तुम्हीही तेच करा. लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज द्या. त्यात साधे अपंगत्व न लिहिता शत्रूच्या कारवाईतील दुखापत म्हणून वॉर इंज्युरी पेन्शन मागा. नकार आला तर सैनिकांचे सेवा-पेन्शनचे वाद ऐकणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. उशिरा गेलेल्यांना थकबाकी सहसा दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, तेव्हा डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स याच आठवड्यात काढून घ्या.