निष्काळजीपणाने मृत्यू: आपल्याकडे पाच वर्षं, इंग्लंडमध्ये जन्मठेप, असं का?

तुमचा प्रश्न असा: भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त पाच वर्षं, इंग्लंडमध्ये मात्र जन्मठेपेपर्यंत, मग आपला कायदा मवाळ आहे का? तुम्ही नाशिकलाच लॉ करताय, तेव्हा उदाहरणंही जमेल तिथे इथलीच देतो.

नुसते शिक्षेचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली की फसगत होते. किती चुकलं म्हणजे प्रकरण फौजदारीत जातं, हा उंबरठा आधी बघायचा.

इंग्लंडमध्ये तो बराच उंच आहे. १९९४ च्या अडोमाको खटल्यात ऑपरेशन चालू असताना रुग्णाची श्वासाची नळी सुटली आणि भूलतज्ज्ञाच्या ते वेळेत लक्षातच आलं नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं, कर्तव्यात चूक झाली एवढ्यावर भागत नाही. ती चूक गुन्हा ठरावी इतकी घोर होती का, हे ज्युरीने ठरवायचं. गुन्हा म्हणजे काय, तर ज्युरीला गुन्हा वाटेल ते, अशी ही गोल गोल कसोटी आहे आणि टीकाही त्यावरच होते. जन्मठेप आहे ती एवढं सगळं पार करून आत आलेल्यासाठी. गाडीखाली माणूस गेला तर तिकडे बहुधा वेगळी वाहतूक-कलमं लागतात.

जर्मनीत उलटं. दंडसंहितेच्या कलम २२२ ला साधा निष्काळजीपणाही पुरतो, पण शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा नुसता दंड. शिवाय किरकोळ दोष असेल तर ठरावीक रक्कम भरायला लावून खटला थांबवायची सोय त्यांच्या प्रक्रिया संहितेत आहे. म्हणजे आत येणं सोपं आणि बाहेर पडायलाही वाट.

आपण शब्दांपुरते जर्मनीजवळ. जुन्या भारतीय दंड संहितेत याच गुन्ह्याचं कलम ३०४-अ होतं, त्यात ‘घोर’ हा शब्द नव्हता, १०६(१) मध्येही नाही. डॉक्टरांसाठी तो त्या कलमात आहेच असं सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात धरलं. आता नोंदणीकृत डॉक्टरांना कमाल शिक्षाही दोनच वर्षं. ड्रायव्हरला अशी सवलत नाही, आणि मला ते पटत नाही. पण तो वेगळा वाद.

प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टात बसून बघा. अपघाताच्या जवळपास प्रत्येक फिर्यादीत तेच वाक्य: ‘भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने’. द्वारका चौकातला अपघात असो की घोटीजवळचा, वाक्य बदलत नाही. उलटतपासणीत साक्षीदाराला विचारलं, की ‘भरधाव म्हणजे किती?’, की तो गप्प. १९९८ च्या सतीश खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंच आहे, नुसता वेग जास्त होता एवढ्यावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही. त्यामुळे आपला उंबरठा कागदावर बुटका असला तरी पुराव्यापाशी उंच होतो.

दुसरी सीमा वरची: निष्काळजीपणा कुठे संपतो? आपल्याकडे त्यापलीकडे सदोष मनुष्यवध, आताचं कलम १०५. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेली सात माणसं गाडीखाली मेली. सत्र न्यायालयाने ३०४-अ धरलं, हायकोर्टाने ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवधाचं जुनं कलम, लावून तीन वर्षं दिली, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ती कायम केली. चालकाला परिणामाची जाणीव होती का, एवढाच प्रश्न. जर्मन कोर्ट आणखी एक पायरी चढतं: धोका कळूनही ‘होईल ते होवो’ असं त्याने स्वीकारलं होतं का? बर्लिनमध्ये २०१६ साली भर रस्त्यात गाड्यांची शर्यत लावणाऱ्या दोघांपैकी एकाची खुनाची शिक्षा २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने याच कसोटीवर कायम ठेवली.

फ्रान्सचा मुद्दा लोक विसरतात. २००० च्या फोशाँ कायद्याने तिथे थेट आणि अप्रत्यक्ष कारण वेगळं केलं. अप्रत्यक्ष असेल तर साधी चूक पुरत नाही; नियम जाणूनबुजून मोडलेला हवा, किंवा दोष गंभीर हवा. गावोगावचे महापौर खटल्यांत अडकत होते, त्यातून हे आलं. आता आपल्या झाकीर हुसेन रुग्णालयातली २१ एप्रिल २०२१ ची ऑक्सिजन गळती आठवा, वीसहून अधिक रुग्ण गेले. दोष कोणाचा यावर मी बोलत नाही. पण टाकी भरणारा, देखभालीचा ठेकेदार, करार करणारा अधिकारी यांना फ्रान्स वेगवेगळ्या पट्टीने मोजेल. आपल्याकडे पट्टी एकच, त्यामुळे सगळा भार ‘मृत्यूचं निकटचं कारण कोणतं’ या प्रश्नावर येतो, आणि वरचा अधिकारी बहुधा तिथेच सुटतो.

जाता जाता, १०६(२) बद्दल: पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षं, हे ते पोटकलम. जानेवारी २०२४ मध्ये मनमाडजवळच्या पानेवाडी इंधन डेपोंच्या टँकरचालकांनी ज्यावरून संप केला तेच. १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना ते वगळलं होतं, तेव्हा परीक्षेच्या पेपरात लिहिण्याआधी ताजी अधिसूचना बघून घ्या.